नाडी मंदावली, तर आधी औषधांची पिशवी उघडा

सत्तरीतल्या माणसाची नाडी मिनिटाला चाळीस-पंचेचाळीसवर उतरते, अधूनमधून डोळ्यांपुढे अंधारी येते, जिना चढताना पूर्वी कधी न लागलेली धाप लागते. ईसीजी काढला जातो आणि 'सायनस नोड नीट काम करत नाही' असे निदान होते. त्यावर घरच्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: ठोके वाढवायची गोळी नाही का? प्रश्न अगदी रास्त आहे. रक्तदाबाला गोळी आहे, साखरेला आहे, थायरॉइडला आहे. मग मंदावलेल्या हृदयालाच का नसावी? याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते आणि रुग्णापर्यंत बहुतेक वेळा पहिलाच भाग पोहोचतो. तो असा की, वर्षानुवर्षे रोज घेता येईल आणि भरवशाने ठोके वाढवेल अशी गोळी वैद्यकशास्त्राकडे आजही नाही, म्हणून पेसमेकर. दुसरा भाग असा की, ठोके मंद करणारी औषधे मात्र भरपूर आहेत, ती घरोघरी आहेत, आणि त्यांतले एखादे याच रुग्णाच्या पोटात रोज सकाळी जात असण्याची शक्यता मोठी आहे. या आजारातल्या औषधोपचाराची सुरुवात काय द्यायचे यापासून नव्हे, काय काढता येईल यापासून व्हायला हवी. तातडीचा प्रसंग नसताना हा विचार न करताच पेसमेकरची तारीख ठरवणे हा रुग्णावर अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे मत कशावर उभे आहे, ते समजण्यासाठी थोडे शरीरशास्त्र पाहावे लागेल. वरच्या धडातले रक्त परत आणणारी मोठी नीला हृदयाच्या उजव्या कर्णिकेला जिथे मिळते, तिथे जेमतेम एक-दोन सेंटीमीटर लांबीची पेशींची एक पट्टी असते. 1907 मध्ये स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञ आर्थर कीथ आणि त्यांच्याबरोबर काम करणारा वैद्यकीय विद्यार्थी मार्टिन फ्लॅक यांनी तिचे वर्णन प्रसिद्ध केले. हाच सायनस नोड. प्रत्येक ठोक्याची विद्युत लहर इथे सुरू होते. या पेशींचे वैशिष्ट्य असे की, त्यांना बाहेरून कोणी ढकलावे लागत नाही. ठोका झाल्यावर त्या आपण होऊनच पुढच्या ठोक्याच्या दिशेने सरकू लागतात. मज्जातंतू फक्त त्यांचा वेग कमी-जास्त करतात. 1970 मध्ये होजे आणि कॉलिसन या संशोधकांनी औषधे देऊन मज्जातंतूंचा हा प्रभाव तात्पुरता काढून घेतला आणि नोडचा स्वतःचा वेग मोजला. त्यांच्या सूत्राप्रमाणे विशीत तो मिनिटाला साधारण 107 भरतो, तर सत्तरीत 78 च्या आसपास. म्हणजे वयाबरोबर नोडची शिल्लक निरोगी माणसातही घटत जाते. त्यातच नोडमध्ये तंतुमय ऊतक वाढले, पेशी कमी झाल्या, तर ठोके मंदावतात, मध्येच दोन-तीन सेकंदांचे खंड पडतात, किंवा चालताना जितका वेग वाढायला हवा तितका वाढतच नाही. 1968 मध्ये अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञ आयरीन फेरर यांनी या सगळ्या लक्षणांना एकत्र बांधून एका आजाराचे रूप दिले. शिल्लक घटलेल्या अशा नोडवर मंदावणाऱ्या औषधाचा भार पडला की काय होईल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

आता ही औषधे कोणती ते पाहू. सर्वांत आधी बीटा-ब्लॉकर: मेटोप्रोलोल, अटेनोलोल, बिसोप्रोलोल, प्रोप्रानोलोल. रक्तदाब, छातीतले दुखणे, धडधड, हाताचा कंप, अर्धशिशी, इतक्या निरनिराळ्या कारणांसाठी ती दिली जातात की, एकाच रुग्णाला दोन डॉक्टरांकडून दोन मिळणे अशक्य नाही. मग डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल, डिगॉक्सिन, अमिओडारोन. रक्तदाबासाठी क्लोनिडिन, विसरभोळेपणाच्या आजारासाठी डोनेपेझिल, मनोविकारासाठी लिथियम. आणि आयव्हाब्रॅडिन, जिचे काम थेट सायनस नोडवरच चालते. नोडच्या पेशींना पुढच्या ठोक्याकडे नेणारा एक विद्युतप्रवाह 1979 मध्ये संशोधकांनी ओळखला. ही गोळी नेमका तोच अडवते. निवडक रुग्णांना तिचा फार उपयोग होतो. पण नोड आजारी असेल तर ती देऊच नये, असे तिच्या माहितीपत्रकातच लिहिलेले असते. आपल्याकडची खास अडचण म्हणजे एका गोळीत दोन-तीन औषधे घालण्याची पद्धत. टेल्मिसार्टन आणि मेटोप्रोलोल एकत्र, अम्लोडिपिन आणि अटेनोलोल एकत्र, अशा गोळ्या सर्रास मिळतात. रुग्णाला माहीत असते ते फक्त कंपनीचे नाव आणि त्याच्या शेपटीला लागलेली 'एएम', 'एच', 'एटी' अशी अक्षरे. 'मी बीपीची एकच गोळी घेतो' हे त्याचे सांगणे खरे असते. त्या एकात दोन आहेत आणि त्यांतले एक नाडी मंद करणारे आहे, हे कागदी पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेले असते. स्ट्रिप अर्धी वापरून झाली की ते नावही फाटून गेलेले असते.

याहून सहज नजरेआड होणारी वस्तू म्हणजे डोळ्यांचे थेंब. काचबिंदूसाठी टिमोलोलचे थेंब अनेक वर्षांपासून वापरात आहेत. एकटे, किंवा दुसऱ्या औषधाबरोबर एकाच बाटलीत. टिमोलोल हाही बीटा-ब्लॉकरच. डोळ्यात टाकलेला थेंब सगळा डोळ्यात राहत नाही. उरलेला भाग नाकाकडच्या कोपऱ्यातल्या बारीक छिद्रातून अश्रुनलिकेत उतरतो, तिथून नाकाच्या आतल्या ओल्या त्वचेवर पसरतो आणि रक्तात शोषला जातो. तोंडाने घेतलेली गोळी आतड्यातून आधी यकृतात जाते आणि तिचा बराच भाग तिथेच निकामी होतो. नाकावाटे शोषलेल्या औषधाला हा अडथळा नसतो. ते थेट हृदयापर्यंत येते. थेंब टाकल्यावर डोळा मिटून कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबून धरला, तर हे शोषण बरेच कमी होते, पण ही साधी गोष्ट किती रुग्णांना शिकवली जाते? काचबिंदूसाठी लॅटानोप्रोस्टसारखे दुसऱ्या वर्गातले थेंबही आहेत, त्यामुळे हृदयासाठी टिमोलोल बंद करणे बहुतेक वेळा शक्य असते. अडचण असते ती वेगळीच. हृदयाच्या डॉक्टरांनी 'कोणती औषधे घेता?' असे विचारल्यावर रुग्ण गोळ्या सांगतो. थेंब त्याच्या लेखी औषधांत मोडत नाहीत, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांची फाइल वेगळ्या पिशवीत असते.

औषध तेच, मात्रा तीच, आणि तरीही एक दिवस नाडी अचानक तीसवर येते, असेही होते. याचे कारण अनेकदा मूत्रपिंडात सापडते. अटेनोलोल आणि डिगॉक्सिन ही औषधे मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडतात. उन्हाळ्यात जुलाब लागले, पाणी कमी पडले, मूत्रपिंडांचे काम मंदावले, की ती अंगात साठू लागतात. त्याच वेळी टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर रक्तातले पोटॅशियम वाढते, आणि वाढलेले पोटॅशियम व बीटा-ब्लॉकर मिळून हृदयाला एकेकट्यापेक्षा कितीतरी जास्त दाबतात. ठोके मंदावल्याने मूत्रपिंडांना रक्त आणखी कमी पोहोचते आणि चक्र घट्ट होत जाते. असा रुग्ण बेशुद्ध अवस्थेत आणला जातो. ईसीजी पाहून कोणालाही वाटावे की, याला पेसमेकरशिवाय गत्यंतर नाही. प्रत्यक्षात सलाइन, पोटॅशियम उतरवण्याचे उपचार आणि गोळ्या थांबवणे यांवर त्याचे हृदय एक-दोन दिवसांत पूर्ववत होऊ शकते. पोटॅशियम, क्रिएटिनिन आणि थायरॉइडची टीएसएच, या तीन तपासण्या तालुक्याच्या गावीही होतात. त्यांचा अहवाल हातात नसताना कायमच्या पेसमेकरचा निर्णय होऊ नये, एवढी अपेक्षा जास्त नाही.

इथे आकड्यांच्या भीतीबद्दलही बोलले पाहिजे. मनगटावरच्या घड्याळात नाडी 48 दिसली की आजकाल घरात घबराट होते. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या प्रमुख संघटनांनी 2018 मध्ये मंद नाडीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. नाडी अमुक आकड्याखाली गेली किंवा ठोक्यांत अमुक सेकंदांचा खंड पडला म्हणून सायनस नोडच्या आजारात पेसमेकर बसवावा, अशी कोणतीही रेषा त्यांनी आखलेली नाही. निर्णय टेकतो तो लक्षणांवर, आणि ती लक्षणे मंद ठोक्यांच्याच वेळी येतात की नाही यावर. त्रास नसलेल्या माणसाला केवळ आकड्यासाठी पेसमेकर बसवणे त्या सूचनांनी हानिकारक ठरवले आहे. झोपेत नाडी चाळिशीत जाणे नेहमीचे आहे. झोपेत घोरून श्वास अडकणाऱ्यांत ठोके मोठे खंड घेतात, आणि तिथे उपचार श्वासाच्या आजारावर करायचे असतात. पहिले पाऊल म्हणून या सूचना काय सांगतात? परत फिरवता येण्याजोगी कारणे शोधा. त्यांत औषधे आघाडीवर. म्हणजे मी इथे मांडतो आहे ते कोणतेही बंडखोर मत नाही. शास्त्राने मान्य केलेली गोष्ट बाह्यरुग्ण विभागातल्या पाच मिनिटांत मावत नाही, एवढीच माझी तक्रार आहे.

मग ठोके वाढवणाऱ्या औषधांचे काय? ती आहेत, आणि तातडीच्या प्रसंगी जीव वाचवतात. अ‍ॅट्रोपीनचे इंजेक्शन हृदयाला मंदावणाऱ्या मज्जातंतूचा प्रभाव रोखते. एक मिलिग्रॅम शिरेतून, गरज पडल्यास तीन ते पाच मिनिटांनी पुन्हा, एकूण तीन मिलिग्रॅमपर्यंत. कीटकनाशकाच्या विषबाधेवर हेच औषध लागत असल्याने आपल्या ग्रामीण रुग्णालयांना ते चांगले परिचयाचे आहे. त्याने भागले नाही तर डोपामिन, आयसोप्रेनालिन यांचे ठिबक. पण यांचा परिणाम मिनिटांचा किंवा तासांचा. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद असतील तर आयसोप्रेनालिन प्राणवायूची मागणी वाढवून नवे संकट ओढवू शकते. दुसरी व्यवस्था होईपर्यंत वेळ मिळवून देणे, हे या औषधांचे काम. ती व्यवस्था पेसमेकरचीच असेल असे नाही. बीटा-ब्लॉकर अंगातून उतरेपर्यंतचा एक दिवस पार करणे, हीसुद्धा व्यवस्थाच आहे.

रोजच्या गोळीचा सर्वांत गंभीर प्रयत्न झाला तो थिओफिलिनचा. दम्याच्या रुग्णांना हे नाव किंवा डेरिफिलिनचे नाव ठाऊक असते. चहा-कॉफीतल्या कॅफीनचे हे भावंड. शरीरातला अ‍ॅडेनोसिन नावाचा पदार्थ नोडला मंद करतो; थिओफिलिन त्याचा परिणाम अडवते. 1997 मध्ये इटलीतल्या संशोधकांनी याची रीतसर परीक्षा घेतली. लक्षणे असलेल्या 107 रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्या तसे तीन गट केले: एकाला काहीच उपचार नाही, दुसऱ्याला थिओफिलिनच्या गोळ्या, तिसऱ्याला पेसमेकर. सरासरी दीड वर्षाहून अधिक काळ त्यांच्यावर लक्ष ठेवले. बेशुद्ध पडण्याचे प्रमाण उपचाराविना 23 टक्के, थिओफिलिनवर 17 टक्के, पेसमेकरवर 6 टक्के निघाले. हृदय कमकुवत पडून सूज-धाप होण्याचे प्रमाण उपचाराविना 17 टक्के होते. थिओफिलिन आणि पेसमेकर दोन्हींवर ते 3 टक्क्यांवर आले. या अभ्यासातून लोक सहसा एवढेच उचलतात की, पेसमेकर जिंकला. बेशुद्धीच्या बाबतीत तो जिंकला, यात वाद नाही. मला मात्र त्यातली आणखी एक गोष्ट तितकीच महत्त्वाची वाटते: थकवा, चक्कर, धडधड अशा तक्रारी तिन्ही गटांत कमी झाल्या, ज्यांना काहीच दिले नव्हते त्यांच्यातही. हा आजार चढउतारांचा आहे. वाईट दिवसांत डॉक्टरांकडे गेलेला माणूस पुढच्या महिन्यांत काही न करताही बरा वाटून घेऊ शकतो. 'गोळी दिली आणि गुण आला' किंवा 'पेसमेकर बसवला आणि थकवा गेला', यांतल्या कोणत्याही दाव्यावर एकट्या रुग्णाच्या अनुभवावरून विश्वास ठेवता येत नाही, तो या कारणाने.

थिओफिलिनचे पुढे फारसे काही झाले नाही, आणि ते योग्यच झाले. त्याची उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा एकमेकींना खेटून आहेत. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा एरिथ्रोमायसिनसारखे साधे प्रतिजैविक चार दिवस घेतले तरी रक्तातली पातळी चढते; मळमळ, झोप उडणे, धडधड, आणि टोकाला आकडी. सायनस नोड आजारी असलेल्यांना कर्णिकेतले बेताल जलद ठोकेही पडू शकतात. त्या ठोक्यांना हे औषध चिथावणी देऊ शकते. अमेरिकी सूचनांनी थिओफिलिनला आज अगदी लहान जागा ठेवली आहे: वेग वाढल्याने रुग्णाला बरे वाटते का, हे पेसमेकर बसवण्यापूर्वी अजमावण्यासाठी काही काळ वापरून पाहता येईल. आपल्याकडे ऑर्सिप्रेनालिनच्या गोळ्याही दिल्या जातात. काही देशांत सिलोस्टॅझोल वापरून पाहिले आहे, पण हृदय कमकुवत असलेल्यांना ते वर्ज्य आहे. पेसमेकर नको म्हणणाऱ्या किंवा शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या अतिवृद्धांसाठी यांचा विचार जाणीवपूर्वक, मुदत ठरवून करावा. वर्षानुवर्षे चालू ठेवायची औषधे म्हणून त्यांच्यामागे पुरेसा पुरावा उभा नाही. बीटा-ब्लॉकरही चालू आणि त्याने मंदावलेली नाडी उठवण्यासाठी ऑर्सिप्रेनालिनही चालू, अशी चिठ्ठी तर कोणत्याही तर्काने समर्थनीय नाही.

औषधांचे काम खरोखर गुंतागुंतीचे होते ते एका प्रकारात. काही रुग्णांच्या कर्णिका अधूनमधून फडफडू लागतात, नाडी एकशे तीस-चाळीसवर जाते. मग फडफड एकाएकी थांबते आणि दमलेला नोड चार-पाच सेकंद जागाच होत नाही. माणूस कोसळतो तो या खंडात. इथे वेग आवरायला बीटा-ब्लॉकर हवा, आणि तोच दिला की खंड लांबतो. पेसमेकरची खरी अपरिहार्यता मला इथे दिसते: मंद बाजू यंत्राने सांभाळली की जलद बाजूला औषध मोकळेपणाने देता येते. हृदय कमकुवत असल्याने बीटा-ब्लॉकर सोडवत नाही अशांनाही हेच लागू आहे. गरजेचे औषध, त्याला पर्याय नाही आणि त्यानेच लक्षणे येताहेत, तर पेसमेकर बसवा, असे सूचना स्पष्ट सांगतात. काही रुग्णांत फडफड सुरू करणारे केंद्रच कॅथेटरने जाळल्यावर नोडही सुधारल्याचे अभ्यास आहेत. मात्र पेसमेकर बसला म्हणून रक्त पातळ करणारी गोळी बंद करायची नसते. कर्णिकेत गुठळी होऊन पक्षाघात होण्याचा धोका यंत्र कमी करत नाही. 'आता मशीन आहे, गोळ्या कशाला' हा समज घराघरांत आहे, आणि तो जीवघेणा आहे.

माझ्या म्हणण्यावर पहिला आक्षेप असा येईल की, असे लिहिल्याने लोक आपल्या मनाने गोळ्या बंद करतील. भीती खरी आहे. बीटा-ब्लॉकर एकाएकी तोडला तर छातीत दुखणे उसळू शकते, रक्तदाब उडतो. क्लोनिडिनचे तर हे वैशिष्ट्यच आहे. म्हणून गोळी काढायची ती डॉक्टरांनी, शक्य तिथे हळूहळू, आणि तिच्या मूळ कारणाला दुसरे औषध देऊन. पण या भीतीपोटी प्रश्नच विचारायचा नाही, हेही बरोबर नाही. साध्या रक्तदाबात बीटा-ब्लॉकरला पहिल्या पसंतीवरून ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2006 मध्येच उतरवले. युरोपातल्या रक्तदाबतज्ज्ञांच्या संघटनेने 2023 मध्ये त्याला प्रमुख औषधांच्या रांगेत ठेवले, पण रक्तदाबावर पर्याय भरपूर आहेत हे कोणीच नाकारत नाही. हृदयविकाराच्या झटक्यानंतर आयुष्यभर बीटा-ब्लॉकर, हा नियमही आता तपासला जातो आहे. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मुख्यतः स्वीडनमधल्या 5020 रुग्णांच्या चाचणीत, हृदयाची ताकद शाबूत असलेल्यांना झटक्यानंतर बीटा-ब्लॉकर देऊन मृत्यू वा पुन्हा झटका कमी झाला नाही. त्याच वर्षी फ्रान्समधल्या 3698 रुग्णांच्या चाचणीत मात्र चालू असलेला बीटा-ब्लॉकर थांबवणे निर्धोक असल्याचे सिद्ध झाले नाही. थांबवलेल्यांत हृदयाच्या कारणाने रुग्णालयात दाखल होणे जास्त दिसले. दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवले तर एवढे कळते की, सरसकट चालू ठेवणे आणि सरसकट बंद करणे, दोन्हींना आधार नाही. ज्याची नाडी चाळिशीत आहे आणि ज्याला भोवळ येते, त्याच्यापुरता निर्णय नव्याने, कारण लिहून घ्यावा लागतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे आणि तो हृदयरोगतज्ज्ञच घेतात: औषधाने नोड बिघडत नाही, आधीच बिघडलेला नोड औषधाने उघडा पडतो, आज गोळी काढली तरी दोन वर्षांनी पेसमेकर लागणारच, मग वाट कशाला पाहायची? याला पुरावाही आहे. 2004 मध्ये इस्रायलमधल्या संशोधकांनी हृदयातल्या विद्युतमार्गाच्या अडथळ्याचे, म्हणजे शेजारच्या पण वेगळ्या आजाराचे रुग्ण तपासले. औषध थांबवल्यावर ज्यांचा अडथळा गेला, त्यांतल्या निम्म्याहून अधिकांना तो औषध नसतानाही परत आला. हा इशारा मी पूर्णपणे मान्य करतो. गोळी काढून नाडी सुधारली म्हणजे फाइल बंद झाली, असे नाही. त्या रुग्णाला पुढची काही वर्षे ठरावीक काळाने बोलावले पाहिजे, भोवळ आली तर लगेच या, असे बजावले पाहिजे. पण विद्युतमार्गाचा अडथळा आणि नोडचा आजार यांत एक मोठा फरक आहे. पूर्ण अडथळा जीव घेऊ शकतो. नोडचा आजार त्रास देतो, त्याने पडून हाड मोडू शकते, पण तो स्वतः आयुष्य कमी करतो असे दिसत नाही. इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात 1980 च्या सुमारास केलेल्या पाहणीत या रुग्णांचे आयुर्मान त्यांच्या वयाच्या इतरांहून फारसे वेगळे निघाले नव्हते. म्हणजे थांबून पाहायला इथे वेळ मिळतो. अमिओडारोनसारखे औषध अंगातून जायला महिने लागतात, पण मेटोप्रोलोल दीड-दोन दिवसांत उतरते. एवढे दिवस मॉनिटरवर ठेवून पाहणे कोणत्याही रुग्णालयाला अवघड नाही. आणि पेसमेकर ही निरुपद्रवी वस्तू नव्हे. आठ-दहा वर्षांनी बॅटरी संपते, पुन्हा शस्त्रक्रिया येते; तारेला जंतुसंसर्ग झाला तर ती काढणे जोखमीचे असते; यंत्र जवनिकेला विनाकारण चालवत राहिले तर हृदय थकू शकते. ज्याला गरज आहे त्याला हे सगळे पत्करण्याजोगे आहे. ज्याला डोळ्यांचे थेंब बदलून भागले असते, त्याच्यावर ते का लादावे?

तिसरा आक्षेप वेळेचा. सरकारी रुग्णालयात एका डॉक्टरसमोर शंभर रुग्ण असताना प्रत्येकाची पिशवी कोण उपसणार? हे काम सगळे डॉक्टरांनीच केले पाहिजे असे नाही. प्रशिक्षित परिचारिका किंवा औषधनिर्माता गोळ्या, थेंब, काढे, भस्मे, सगळे टेबलावर ठेवून यादी करू शकतो. नाडी मंद करणाऱ्या औषधांचा छापील तक्ता समोर असला तर त्याला दहा मिनिटे पुरतात. औषध दुकानदार महिन्याची औषधे देताना नाडी 50 च्या खाली असल्याचे ऐकून रुग्णाला डॉक्टरांकडे परत पाठवू शकतो. मिश्र गोळीच्या प्रत्येक कप्प्यामागे घटकांची नावे देवनागरीत, वाचता येतील अशी छापणे कंपन्यांना अशक्य नाही. आणि पैसा जिथून येतो तिथेच अट घालणे सर्वांत परिणामकारक ठरेल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून किंवा खासगी विम्यातून सायनस नोडच्या आजारासाठी पेसमेकर मंजूर करताना अर्जात चार रकाने अनिवार्य असावेत: रुग्ण घेत असलेली सर्व औषधे, थेंबांसह; त्यांपैकी कोणते, किती दिवस थांबवून पाहिले, किंवा का थांबवता येत नाही; पोटॅशियम, क्रिएटिनिन आणि टीएसएच; आणि लक्षण येत असतानाच ठोके मंद होते याची ईसीजीवरची किंवा होल्टर या दिवसभर ठोके नोंदवणाऱ्या यंत्रावरची नोंद. बेशुद्धावस्थेत आलेल्या रुग्णाला यातून सूट असावी आणि त्याचे रकाने नंतर भरावेत. हे रकाने भरणारा डॉक्टर पेसमेकरच्या विरोधात जात नाही. तो ज्याला हवा त्याच्यासाठी पैसे राखतो आहे. आणि रुग्णाच्या नातेवाइकांनीही 'ठोके वाढवायची गोळी आहे का' हा प्रश्न जरूर विचारावा, पण त्याआधी घरातल्या सगळ्या औषधांची पिशवी, फ्रिजमधल्या डोळ्यांच्या बाटलीसकट, टेबलावर ठेवून विचारावे: यांतले कोणते याची नाडी मंद करते आहे?